रंगनाथचं खाकरणं

रंगनाथ खाकरला की आश्रमातल्या बाया म्हणायच्या, "आला भोंगा." तिकडं नोटांच्या प्रेसचा भोंगा कामगारांना घरी सोडायचा, इकडं रंगनाथचा भोंगा बायांना पदर सावरायला लावायचा. आधी घशातल्या घशात घरघर, मग तोडून तोडून दोन खाकर, आणि शेवटी एक लांबलचक, भरली गाडी खडीवरून उतरावी तसा. भागीबाई स्वयंपाकीण तर तोंडावरच म्हणायची, "आरं, एवढं खाकरून काय बेडूक काढतो का घशातला?"

"बेडूक असता तर तुझ्या कालवणात टाकला असता," रंगनाथ म्हणायचा. "तेवढीच चव आली असती."

नाशिक रोडला, जेल रोडच्या आतल्या अंगाला, एका जुन्या दगडी बंगल्यात हा बायांचा आश्रम होता. नवऱ्यानं टाकलेल्या, घरातून जीव घेऊन पळालेल्या, ठेसनावर पोलिसांना सापडलेल्या बाया तिथं यायच्या. आवारात पुरुषमाणूस म्हणजे एकटा रंगनाथ. फाटकावर बसायचं, मोटार लावून टाकी भरायची आणि वरच्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं म्हणून तिथल्या खोल्यांना दिवसातून दोनदा बादल्या पोचवायच्या, हे त्याचं काम.

खाकरणं त्याला बापानं शिकवलेलं. पिंपळगाव बसवंतच्या पलीकडं त्याचं गाव. बाप घरात पाऊल टाकायच्या आधी अंगणातच खाकरायचा. मग आत सुना उठून उभ्या राहायच्या, डोईवर पदर घ्यायच्या, एखादी न्हात असली तर मोरीचं फडकं ओढून घ्यायची. "बाया असल्या घरात मुकं शिरतं ते कुत्रं," असं बाप म्हणायचा. रंगनाथच्या लेखी ही माणुसकीची पहिली इयत्ता होती. त्याला दुसरं शिक्षण फारसं नव्हतंच.

चिमणाबाई, त्याची बायको, कावीळ होऊन गेली. मूलबाळ नव्हतं. द्राक्षाच्या पॅकहाउसवर क्रेटी उचलत होता, तेही मग नकोसं झालं. घराला कुलूप लावलं, किल्ली पुतण्याला, दत्तूला दिली आणि पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमाराला तो या फाटकावर येऊन बसला. बाया त्याला मामा म्हणायला लागल्या. बाईसाहेब म्हणजे अधीक्षिका, त्याही मामाच म्हणायच्या. पगाराच्या दिवशी कारकूनसुद्धा "मामा, या" म्हणायचा. रंगनाथ हे नाव कुणाच्या तोंडी उरलं नाही. भागीबाई "आरं" म्हणून भागवायची.

जेवायच्या वेळी सगळ्या बाया आत पंगतीला बसत. पुरुषमाणसानं तिथं बसायचं नाही, म्हणून त्याचं ताट भागीबाई स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायची. ते घेऊन तो फाटकाजवळच्या त्याच्या खोलीच्या पायरीवर बसायचा आणि रस्त्यानं सायकलींवर जाणाऱ्या प्रेसच्या कामगारांकडं बघत जेवायचा. त्यांच्या हँडलला रिकामे डबे लटकलेले असायचे. कुणी वळून बघायचं नाही, आणि त्यालाही त्याचं काही वाटायचं नाही. निदान तो तसं म्हणायचा.

दोन हजार एकच्या पावसाळ्यात कोकिळा आली. नाशिक रोडच्या ठेसनावर, पार्सलच्या पेट्यांमागं बसून राहिलेली पोलिसांना सापडली. नामपूरकडची, एवढं तिच्या बोलण्यावरून कळलं, कारण पाणी मागताना ती म्हणाली, "पानी शे का?" त्यापुढं तिनं तोंड मिटलं ते मिटलंच. वय पंचविशीच्या आतबाहेर. तिला वरची कोपऱ्यातली खोली दिली, एकटीला, कारण कुणी शेजारी झोपलं तरी ती उठून भिंतीला पाठ लावून बसायची.

आणि मग तिचे ते झटके. सकाळी एकदा, तिसऱ्या प्रहरी एकदा. चांगली बसलेली पोर एकाएकी खाटेखाली शिरायची, गुडघे पोटाशी घ्यायची आणि स्वतःचे हात ओरबाडायची. कुणी जवळ गेलं तर डोकं फरशीवर आपटायची. आश्रमाचे डॉक्टर आठवड्याला एक फेरी मारत. त्यांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी ती झोपायची, पण उठल्यावर पुन्हा तेच.

"हिला इथं सांभाळणं आपल्याच्यानं होणार नाही," डॉक्टर व्हरांड्यात उभे राहून बाईसाहेबांना म्हणाले. "दिवाळीपर्यंत बघू. फरक नाही पडला, तर लांबच्या मोठ्या मनोरुग्णालयात पाठवायचं. अध्यक्षांची सही घेऊन ठेवतो."

रंगनाथ बाजूलाच मोटारीचं बटण दाबत होता. इतक्या वर्षांत तिकडं गेलेली एकही बाई पुन्हा या फाटकातून आत आलेली त्यानं पाहिली नव्हती. मनाशी त्यानं एक ठरवलं. पोर बिचकते आहे, तर तिला अजिबात दचकवायचं नाही. आजवर तो दारापाशी खाकरायचा, आता जिन्याच्या पहिल्या पायरीपासून खाकरायला लागला. मधल्या वळणावर पुन्हा एकदा. दारापाशी तिसऱ्यांदा, आणि तो लांबलचक. बादली ठेवायचा, दाराकडं पाठ करून उभा राहायचा आणि आतून खाटेखालचं खरवडणं ऐकत राहायचा. मग मान हलवत खाली यायचा.

"लय वाईट हाय गं तिचं," तो भागीबाईला सांगायचा.

"तू तरी काय करशील," ती म्हणायची. "जेव आता."

पितृपक्षात रंगनाथ गावी गेला. चिमणाबाईला पान ठेवायचं असायचं. दत्तूच्या घरी दोन-चार दिवस राहिला. दत्तूची बायको वाढायची, दत्तू बाजारभावाचं बोलायचा, आणि पोरं टीव्हीपुढं. आपलं घर शेजारीच होतं, कुलूप लावलेलं. तो तिकडं फिरकला नाही.

परत आला तर भागीबाईच्या चुलीजवळ कोकिळा बसलेली. केस विंचरलेले. मेथी निवडत होती. रंगनाथला खिडकीतून तिची नुसती पाठ दिसली, पण त्याला इतकं बरं वाटलं, की त्यानं ठसका लागल्यागत गळा मोकळा केला आणि "काय भागीबाई" म्हणायला तोंड उघडलं. त्याच्या तोंडातून शब्द निघायच्या आधीच आत परात पडल्याचा आवाज झाला. मेथी सगळीकडं सांडली. कोकिळा पिठाच्या डब्यामागं शिरली होती आणि तिचे हात सुरू झाले होते.

संध्याकाळी खिडकीत ताट ठेवताना भागीबाईनं त्याच्याकडं बघितलं नाही.

"बोल ना," रंगनाथ म्हणाला.

"काय बोलू. तू नव्हतास तव्हा पोर बरी व्हती. दोन घास खात व्हती. मला म्हणली, मेथी द्या. तू आलास आन् हे."

"म्हंजी मी?"

"मी कुठं काय म्हणलं."

त्या दिवशी त्यानं ताट तसंच परत ठेवलं. पायरीवर बसून राहिला. सायकली गेल्या, रिक्षा गेल्या. आपण या घरातले सगळ्यांत निरुपद्रवी माणूस आहोत, असं त्यानं आजवर धरून ठेवलं होतं. त्याच्याजवळ जपायला दुसरं काही नव्हतं. तेच निघून गेल्यावर मग या पायरीवर बसलेला म्हातारा कोण, हे काही त्याला कळेना.

सकाळी तो सविताताईकडं गेला. ही पोरगी त्या वर्षीच नव्यानं आलेली. बायांशी बोलणं एवढंच तिचं काम, म्हणून बायांना आधी तिची गंमत वाटायची. भागीबाई म्हणायची, "आम्ही जन्मभर बोलतोय, आम्हाला कुणी पगार दिला नाय."

"ताई, मी फाटक सोडतो," रंगनाथ म्हणाला. "बाईसाहेबांना तुमी सांगा. त्या पोरीला माझं तोंड चालत नाय. मी गेलो तर ती तरी राहील हितं."

सविताताईनं त्याला खुर्चीवर बसायला सांगितलं. तो उभाच राहिला.

"तिनं तुमचं तोंड पाहिलंय का कधी?" ताईनं विचारलं.

रंगनाथ विचारात पडला. तो तर कायम पाठ करून उभा राहायचा. आणि काल तीच पाठमोरी होती.

"मग तोंडाचं नसेल. थांबा जरा. मी तिला विचारते."

"ती काय सांगणार? तिच्यावर काय गुदरलं ते इतक्या दिसांत कुणाला सांगितलं नाय तिनं."

"ते मी विचारतच नाही, मामा. कुणालाच विचारत नाही. सांगायचं असेल तर माणूस सांगतं, नाहीतर नाही. मी फक्त एवढंच विचारते, की तुला इथं काय नको."

असं विचारतात, हे रंगनाथला नवीन होतं. त्याच्या गावात आजारी माणसाला लोक काय झालं ते विचारायचे, कुणी केलं ते विचारायचे आणि मग आपापल्या घरी जाऊन त्याच्यावर बोलायचे.

उत्तर यायला बरेच दिवस लागले. तोवर बादल्या भागीबाई आणि दुसऱ्या बायाच वर नेत होत्या, आणि कंबर धरून रंगनाथला शिव्या घालत होत्या. मग एका दुपारी सविताताई फाटकापाशी आली आणि पायरीच्या कडेला टेकली.

"तिला खाकरणं नको आहे," ती म्हणाली.

रंगनाथला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि राग आला. "आमच्या बापाची रीत हाय ती. बायामाणसांच्या अब्रूसाठीच हाय. मुकं शिरू का मंग, चोरावानी?"

ताईनं त्याला बोलू दिलं. तिला काही घाई नव्हती. मग म्हणाली, "तिनं आपणहून एवढंच सांगितलं. तुमच्यापुरतं सांगू का, असं मी तिला विचारून आलेय. ती म्हणाली, 'सासरा खाकरस. मंग कडी काढस.'"

एक मालगाडी ठेसनात शिरत होती. रंगनाथ तिचे डबे मोजत राहिला. मग ताई उठून गेली.

रंगनाथला सगळं दिसलं, आणि ते दिसू नये म्हणून तो मोटारीपाशी जाऊन उगाच पाना फिरवत राहिला. नामपूरकडचं असो की पिंपळगावकडचं, घर तसंच, अंगण तसंच. सासराही असाच आपल्या बापाकडून शिकलेला. खाकरलं की सुनेनं पदर घ्यायचा. पण जिला पदर घेऊनही भागत नव्हतं, जिला त्या खोलीतून पळायला दुसरं दारच नव्हतं, तिच्यासाठी तो आवाज म्हणजे काय, हे रंगनाथच्या बापानं त्याला सांगितलं नव्हतं. बापालाही ठाऊक नसावं. आणि आपण तिच्यावर दया करून पहिल्या पायरीपासून खाकरत होतो. वळणावर थांबून पुन्हा.

खाकरणं सोडायला सोपं नव्हतं. ते घशात नव्हतं, पायांत होतं. उंबरा दिसला की आपोआप यायचं. त्यानं तोंडात सुपारी धरली, तर सुपारीसकट आलं. मग एकदा कोकिळा खाली परसात असताना तो दात आवळून, अनवाणी, अगदी मुका वर गेला, तर दुसऱ्याच खोलीतली बयाबाई त्याला पाहून किंचाळली. "मामा, तुम्ही? मी म्हणलं कोण शिरलं," ती छातीवर हात ठेवून म्हणाली. भागीबाईनं खालून हाक दिली, "आता काय घुंगरू बांधू का रे तुझ्या गळ्यात?"

"बांध बाई," तो म्हणाला. त्याला हसू आलं नाही.

त्यानं पुन्हा ताईला गाठलं. ताई म्हणाली, "मला काय विचारता? तिलाच विचारू." मग ताई कोकिळाच्या खोलीत बसली, दार अर्धं उघडं, आणि रंगनाथ खालच्या पटांगणात, वर मान करून. ताईनं खिडकीतून सांगितलं, "मामा, ती म्हणते आवाज चालेल."

आतून बारीक, पण धड आवाज आला. "नाव सांगा. कोन शे ते माले समजू द्या."

नाव सांगायचं म्हटल्यावर रंगनाथ अडखळला. चिमणाबाईनं लग्नात घास भरवताना उखाण्यात घेतलं होतं ते नाव; नंतर ती बिचारी नवऱ्याचं नाव घेणार कुठली. बाप गेला, भाऊ गेला. दत्तू काका म्हणायचा. आपलं नाव आपल्याच तोंडानं मोठ्यानं घ्यायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

"रंगनाथ," तो म्हणाला. मग जरा मोठ्यानं, "मी रंगनाथ."

तेव्हापासून जिन्याच्या तळाशी उभं राहून तो म्हणायचा, "मी रंगनाथ. पाणी आणलंय. बादली दाराशी ठेवतो आन् खाली जातो." आणि जेवढं सांगितलं तेवढंच करायचा. एकदा बादली ठेवल्यावर त्याला वाटलं, विचारावं पोरीला जेवली का. तो थांबला. आत खाट करकरली. त्यानं जीभ चावली आणि खाली आला. सांगितलं होतं जातो, तर जायचं.

आधी आतून काही यायचं नाही. मग एक दिवस "हं" आलं. मग "ठेवा." त्या "ठेवा"साठी रंगनाथ दुपारपासून बादली भरून बसायला लागला. भागीबाईनं ते ओळखलं. "भरली ना बादली? मग काय तिच्यात तोंड बघतोस?" पण तिनं त्यावर फार चेष्टा केली नाही.

दिवाळी तोंडावर आली. डॉक्टर आणि अध्यक्ष एकत्रच आले. अध्यक्ष म्हणजे द्राक्षांचे मोठे व्यापारी, देणगीला सढळ, वयानं वडीलधारे, डोक्याला टोपी. तिला पाठवायचा कागद डॉक्टरांच्या बॅगेत होता. सविताताईनं झटके कमी झाल्याचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, पण मला बघू दे. अध्यक्ष म्हणाले, मीही बघतो.

रंगनाथ नेमका बादली घेऊन जिन्याच्या तळाशी होता. अध्यक्ष त्याच्या पुढं झाले, एक हात कठड्यावर ठेवला, आणि वडीलधारा माणूस बायांच्या माडीवर चढताना जे करतो ते करायला त्यांनी छाती भरून घेतली. रंगनाथला ते दिसलं. तो श्वास त्याच्या ओळखीचा होता. त्याच्या बापाचा, त्याचा स्वतःचा. त्यानं बादली खाली ठेवली आणि देणगीदाराच्या छातीपुढं हात आडवा धरला.

"शेठ, खाकरू नका."

"काय?"

"खाकरू नका. पाया पडतो. गिळून टाका."

शेठांचा श्वास वरच अडकला. चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं, टोपी हलली. डॉक्टर बघतच राहिले. आणि रंगनाथ वर तोंड करून, पटांगणातून हाक मारावी तसा म्हणाला, "मी रंगनाथ. माझ्याबरोबर डॉक्टर हायेत आन् शेठ हायेत. तिघं बाप्ये. ताई पन हाय. दाराशी थांबनार, आत येनार नाय. तू नको म्हनलीस तर आम्ही माघारी जातो."

वर काहीच आवाज नाही. भागीबाई लाटणं हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. खाटेखालचं खरवडणं ऐकू येतं का, एवढ्याकडंच रंगनाथचा कान होता.

मग पावलं वाजली. कोकिळा जिन्याच्या वरच्या पायरीवर आली. एका हातानं कठडा घट्ट धरलेला, हातावरचे जुने ओरखडे सुकलेले. ती डॉक्टरांकडं बघत नव्हती, शेठकडं तर नाहीच. ती पहिल्यांदाच रंगनाथच्या तोंडाकडं बघत होती, एवढ्या आवाजाचा धनी कसा दिसतो ते.

"मी कोकिळा," ती म्हणाली. "इठेच बोला."

डॉक्टर तिथंच, जिन्याच्या तळाशी उभे राहून बोलले. झोप लागते का, जेवतेस का, गोळीनं गरगरतं का. तिनं उत्तरं दिली, काही दिली नाहीत. शेठ तेवढ्यात परसात जाऊन भिंतीआड पोटभर खोकून आले. कागद बॅगेतून निघालाच नाही. जाताना शेठ रंगनाथला म्हणाले, "लेका, जीव घेतला असतास माझा." पण फाटकाबाहेर पडल्यावरच त्यांनी घसा साफ केला.

कोकिळा आणखी वर्षभर राहिली. पुढच्या द्राक्षांच्या हंगामात सविताताईनं तिला पिंपळगावच्या एका पॅकहाउसवर काम मिळवून दिलं, दोन बायांबरोबर खोली बघून. ती गेली त्या दिवशी रंगनाथ टाकीवर व्हॉल्व्ह बसवत होता. ती फाटकातून जाताना त्याला वरून दिसली, ट्रंक घेतलेली. तिनं वर बघितलं नाही. त्यानंही हाक मारली नाही. हाक मारायची असं ठरलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं सवयीनं जिन्याच्या तळाशी नाव घेतलं, तर कोपऱ्यातल्या खोलीतून "ठेवा" आलं नाही. तिथं नवी बाई आली होती. ताईनं तिला विचारून ठेवलं होतं, काय नको. तिला दार लावलेलं नको होतं. बरं, मग दार उघडं.

पुढं वर पाण्याची लाइन गेली, बादल्या बंद झाल्या. भागीबाई लेकाकडं गेली. सविताताईची बदली झाली का तिनंच सोडलं, ते रंगनाथला नीट कळलं नाही. गुडघे गेले तेव्हा त्यानंही फाटक सोडलं आणि दोन हजार आठच्या उन्हाळ्यात गावी आला. दत्तूनं किल्ली दिली. "काका, आमच्यातच राहा की," असं म्हणाला, पण म्हणता म्हणता मोबाइल वाजला आणि तो बांधाकडं निघून गेला.

रंगनाथनं अंगण ओलांडलं. कुलूप गंजलेलं, बरीच खटपट केल्यावर निघालं. दार ढकललं. आत अंधार, आणि उंदरांचा वास. तो उंबऱ्याबाहेर थांबला. पाय आत जाईनात.

"मी रंगनाथ," तो म्हणाला. "आत येतोय."

आणि सवयीनं थोडा वेळ थांबला. नको असं कुणी म्हणालं नाही. मग त्यानं चपला काढल्या, आत गेला, आणि कोपऱ्यात केरसुणी सापडते का ते चाचपायला लागला.